डी ७२०० घ्यावा की डी ७५००? कुस्ती, फुटबॉल आणि चुलत्यांच्या दोन जुन्या लेन्स

पंचगंगाकाठ

राम राम मंडळी.

डी ३२०० वरून पुढं जायचंय आणि निकॉनच्या डी ७२०० व डी ७५०० या दोन कॅमेऱ्यांमध्ये अडकलोय. दोन्ही वापरलेले, दोन्ही इथंच कोल्हापुरात हातात घेऊन बघितलेत. डी ७२०० घेतला तर उरलेल्या पैशांत ५० एमएम एफ १.८ ही लेन्ससुद्धा येते. डी ७५०० घेतला तर लेन्सचा विषय पुढच्या दिवाळीवर.

फोटो काढतो ते बहुतेक कुस्तीचे. घराजवळच्या तालमीत सकाळचा सराव आणि जत्रांच्या दिवसांत आसपासच्या गावांतली मैदानं. हंगाम लागला की शाहू स्टेडियमवर फुटबॉल. वस्ताद ओळखीचे आहेत, त्यामुळं हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, अगदी कडेला बसायला मिळतं. पण तिथं उजेड म्हणजे दोन खिडक्या आणि ट्यूबलाइट. मैदानातल्या मोठ्या कुस्त्या तर दिवे लागल्यावरच होतात.

चुलत्यांनी त्यांच्या दोन लेन्स मला दिल्यात. ते एफएम २ या रोलच्या कॅमेऱ्यावर फोटो काढायचे. एक १०५ एमएम एफ २.५, हातानं फोकस करायची, अ‍ॅपर्चरची (उजेड आत येण्याच्या भोकाची, एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) रिंग असलेली. दुसरी ८०-२०० एफ २.८ डी, नळी पुढं-मागं सरकवून झूम होणारी. डी ३२०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळं ८०-२०० लावली की फोकस हातानंच करावा लागतो. बारीक व्ह्यूफाइंडरमधून पैलवान धारदार दिसेपर्यंत तो समोरच्याच्या अंगावर बसलेला असतो. १०५ लावली तर उजेड मोजणारा मीटरच बंद. एवढ्या चांगल्या काचा घरात असून वापरता येत नाहीत याचं फार वाईट वाटतं.

कागदावरचं सगळं वाचून झालंय. डी ७२०० ला २४.२ मेगापिक्सेल, दोन कार्डं, सेकंदाला ६ फोटो, बॅटरी ग्रिप (खाली जोडायची जादा मूठ) बसते आणि जुन्या मॅन्युअल लेन्सवर मीटर चालतो. डी ७५०० ला २०.९ मेगापिक्सेल, एकच कार्ड, सेकंदाला ८ फोटो, वर-खाली वळणारा टचस्क्रीन आणि फोरके व्हिडिओ. फोकसचे ५१ पॉइंट दोन्हीकडं. एक २०१५ चा, एक २०१७ चा. आता नवा असून त्यातून गोष्टी काढून का टाकल्या, हेच डोक्यात शिरत नाही.

अजून एक. रात्रीच्या मैदानात एकाच डावाचे सलग चार फोटो काढले, तर एक पिवळट येतो, एक हिरवट, एक काळपट. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ठरवून ठेवला तरी तेच. कॅमेरा बदलल्यावर हे थांबेल का?

पुढं मागं लग्नाची कामं घ्यायचाही विचार आहे, पण आत्ता कुस्तीच. ज्यांनी दोन्ही वापरलेत त्यांनी सांगा.


मांडवातला

भावा, डोळे झाकून डी ७२०० घे.

लग्नाचं काम घ्यायचं मनात असेल तर दोन कार्डांवर तडजोड करू नकोस. माझ्या डी ७२०० वर दोन्ही कार्डांवर एकदम फोटो पडतात. एका लग्नात नेमकं सप्तपदीच्या वेळी एक कार्ड वाचायचंच बंद झालं. दुसऱ्या कार्डावर सगळं होतं म्हणून मुलीच्या वडिलांसमोर मान वर करून उभा राहू शकलो. लग्न काही आपल्या फोटोसाठी परत लागत नाही.

दुसरं म्हणजे ग्रिप. एमबी-डी १५ लावली की आडव्या-उभ्या दोन्ही फोटोंना हात नीट बसतो आणि दुसरी बॅटरीही आत राहते. डी ७५०० ला कंपनीनं ग्रिपची सोयच ठेवली नाही. बॅटरीसुद्धा कंपनीच्याच मोजमापानं डी ७२०० ची १११० फोटो आणि डी ७५०० ची ९५०. हळदीपासून वरातीपर्यंत उभं राहायचं असतं तेव्हा हा फरक कळतो.

आणि १०५ एफ २.५ सारखी लेन्स घरात असताना तिचा मीटर मारणारा कॅमेरा घ्यायचा? डी ७२०० मध्ये मेन्यूत जाऊन लेन्सचा एमएम आणि मोठ्यात मोठं अ‍ॅपर्चर भर. अशा नऊ लेन्स साठवता येतात. मग रिंग फिरवशील तसा कॅमेरा मोजतो, ए मोडसुद्धा (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) चालतो. नवरीचे क्लोजअप त्या लेन्सवर काढून बघ, मग मला सांग.


हलगी

मांडवातल्यांचं दोन कार्डांचं म्हणणं लाखमोलाचं आहे. मीही लग्नं करत असतो तर तेच सांगितलं असतं. पण हा पोरगा कुस्तीसाठी विचारतोय, म्हणून मी सांगणार डी ७५००. मी आधी डी ७२०० वापरला, आता डी ७५०० वापरतो आणि दोन्हींनी मैदानाची भरपूर माती झेलली आहे.

आधी त्या पिवळ्या-हिरव्या फोटोंचं बघू, कारण खरी गोम तिथं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तालमीतल्या जुन्या ट्यूब आणि मैदानावरचे मेटल हॅलाइडचे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात, आणि त्या चढउतारात त्यांचा रंगही बदलतो. डोळ्याला हे कळत नाही. उजेडाची अशी एक फेरी १० मिलिसेकंदांची. शटर १/५० (सेकंदाचा पन्नासावा भाग) ठेवलंस तर एका फोटोत बरोबर दोन फेऱ्या मावतात, म्हणून सगळे फोटो सारखे येतात. पण १/५० ला पैलवानाच्या हातापायांची नुसती रेघ उमटते. १/५०० केलंस की शटर उघडं राहतं जेमतेम २ मिलिसेकंद. ते फेरीच्या कुठल्या टप्प्यावर पडलं त्यावर फोटो उजळ की काळपट, पिवळा की हिरवा हे ठरतं. यात तुझ्या डी ३२०० चा काही दोष नाही आणि व्हाइट बॅलन्स ठरवून ठेवूनही ते जाणार नाही.

डी ७२०० घेतलास तरी हेच राहणार. त्यातलं फ्लिकर रिडक्शन, म्हणजे दिव्यांच्या या चढउतारावरचा उपाय, फक्त लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढणं) आणि व्हिडिओपुरतं आहे. डी ७५०० मध्ये ते व्ह्यूफाइंडरमधून काढलेल्या फोटोंनाही लागू होतं. कॅमेरा दिव्यांचा ताल ओळखतो आणि उजेड टिपेला आला की शटर सोडतो. मेन्यूत जाऊन ते आधी चालू करावं लागतं, एवढं लक्षात ठेव. सलग फोटोंचा वेग थोडा उतरतो आणि शटर केसभर उशिरा पडतं, पण एकाच डावाचे फोटो एकाच रंगाचे येतात. पूर्वी रात्रीच्या मैदानातून आल्यावर एकेका फोटोचा रंग जुळवत बसायला लागायचं. ते काम आता जवळजवळ संपलं. नवे चांगले एलईडी असले तर हा त्रास मुळातच नसतो, पण गावच्या जत्रेत कुठले दिवे लागतील याची खात्री कोण देणार?

अंधारात कोण चांगला, याचं उत्तर सोपं आहे. आकड्यांत डी ७५०० चा आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ५१२०० पर्यंत आणि डी ७२०० चा २५६०० पर्यंत, पण ६४०० ला दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर मला फरक सांगता येत नाही. तालमीत खिडकीचा उजेड असताना माझं एफ २.८, १/५००, आयएसओ ६४०० असं बसतं. तीच जागा ५० एमएमनं एफ २ वर काढली की आयएसओ ३२०० वर येतो. म्हणजे तुझी ५० एमएम लेन्स जेवढा अंधार कमी करेल तेवढा यातली कुठलीच बॉडी करणार नाही. ती घ्यायचीच आहे, फक्त जुनी डी मालिकेतली वापरलेली घे. दोन्ही बॉड्यांत मोटर आहे, तिच्यावर फोकस होतो आणि ती बरीच स्वस्त पडते. हौद्याच्या कडेवरून ती लेन्स अगदी मापाची आहे, दोघं पैलवान अंगभर बसतात.

आता सेकंदाला ६ की ८. डाव पडायला सेकंदसुद्धा लागत नाही, त्यामुळं नुसतं बोट दाबून धरून काही हाती लागत नाही, डाव वाचावा लागतो. धोबीपछाडला समोरच्याचा हात खांद्यावरून ओढून पैलवान पाठ वळवतो. पाठ वळायला लागली की दाबायचं. पाय आभाळाकडं गेलेले तुला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसले, तर तो फोटो गेला. पट काढताना कंबर खाली येते आणि हात गुडघ्यामागं शिरतो, तिथं दाबायचं. मी तीन-चार फोटोंच्या छोट्या सरीच काढतो. तिथं ८ चा वेग उपयोगी पडतो तो एवढाच, की दोन फोटोंच्या मधला क्षण कमी वेळा निसटतो. फुटबॉलला मात्र डी ७५०० चा मोठा बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो साठवायची जागा, कामाला येतो. १४ बिट रॉमध्ये (कॅमेऱ्यानं न दाबलेली, मागाहून सुधारता येणारी मूळ फाइल) तो सलग ५० फोटो घेतो, डी ७२०० १८ वर दम टाकतो. गोलसमोर गर्दी झाली की तीन सेकंदांत कॅमेरा थांबलेला कुणाला परवडेल?

डी ७५०० मधली अजून एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. त्याचा मीटर फोटोतला सर्वांत उजळ भाग धरून मोजू शकतो. दिव्याखाली घामानं निथळणारी पाठ पांढरी फटक पडते ना, ती यानं वाचते. बाकी फोटो थोडा काळा येतो, तो रॉमधून मागाहून उचलता येतो.

वळणाऱ्या स्क्रीनच्या नादानं घेऊ नकोस. हौद्याच्या पातळीवरून फोटो काढायला तो छान वाटतो, पण या कॅमेऱ्यांचा लाइव्ह व्ह्यूमधला फोकस संथ आहे. उभी जोड चालू असताना तो मागंच राहतो. सलामीचे, माती अंगाला लावतानाचे, विश्रांतीचे फोटो त्यावर झकास येतात. डावासाठी डोळा व्ह्यूफाइंडरलाच.

आणि फ्लॅश कुठल्याही कॅमेऱ्यावर तालमीत उडवायचा नाही. डावात असलेल्या पोराच्या डोळ्यांवर झोत गेला आणि पकड सुटली तर मान दुखावते. वस्तादांनी बसू दिलंय तो विश्वास आहे, तो जपायचा.


कळंबा_तळं

मी पक्ष्यांचे फोटो काढते, डी ७२०० वर. मेगापिक्सेलची काळजी करू नका. ६००० रुंदी आणि ५५६८ रुंदी, एवढाच फरक. दूरचा पक्षी कापून मोठा करताना मला तो क्वचित जाणवतो, तुम्हाला हौद्याच्या कडेवरून कधीच जाणवणार नाही.

मी लिहितेय ते त्या जुन्या लेन्सांसाठी. कॅमेरा घेण्याआधी दोन्ही लेन्स उजेडाकडं धरून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, आतून तपासा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात चामड्याच्या केसमध्ये ठेवलेल्या लेन्सना ती हमखास धरते. चामडं ओल धरून ठेवतं, ती केस आधी बाजूला करा. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. फार कोरडंही नको, आतलं वंगण सुकतं.

मैदानात ८०-२०० ला सांभाळा. दोन्ही बॉड्यांचे सांधे धूळ-पाण्यापासून बऱ्यापैकी बंद केलेले आहेत, पण त्या जुन्या लेन्सच्या माउंटवर (बॉडीला बसते त्या कडेवर) रबराची कडी नाही. शिवाय सरकवायची झूम प्रत्येक वेळी हवा आत ओढते आणि हवेबरोबर माती. जोतिबाच्या चैत्र यात्रेत तर ती लेन्स बाहेर काढूच नका. गुलाल मातीपेक्षा बारीक असतो आणि एकदा आत गेला की लेन्स उघडल्याशिवाय निघत नाही.


पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, दोन्ही लेन्स टॉर्च लावून बघितल्या. ८०-२०० स्वच्छ आहे. १०५ मध्ये कडेला दोन बारीक धागे दिसतात, मधली काच साफ आहे. केसमधून लगेच बाहेर काढली.

हलगीदादा, दिव्यांचं आता समजलं. मन डी ७५०० कडं झुकलंय, पण दोन गोष्टी अडतात. १०५ त्यावर चालेल तरी का? चुलते अजून विचारतात, "माझ्या लेन्सवर काही काढलंस का?" आणि एकाच कार्डाचं काय करायचं?


मांडवातला

हलगीदादांनी दिव्यांचं सांगितलं ते खरं आहे, माझ्या कामात फ्लॅश असतो म्हणून मला ते नडत नाही. कुस्तीच करायची असेल तर त्यांचं ऐक. पण लग्नाची पहिली सुपारी घेशील तेव्हा दोन कार्डांची बॉडी भाड्यानं घे. माझ्याकडं माग, मी देईन. एका कार्डावर कुणाचं लग्न अंगावर घेऊ नकोस.


हलगी

१०५ चालते. डी ७५०० वर ती फक्त एम मोडमध्ये (सगळे आकडे हातानं ठरवायचे) चालते आणि मीटर मिळत नाही. पण मैदानात दिवे एकदा लागले की उजेड रात्रभर तोच राहतो. सुरुवातीला दोन-तीन फोटो काढ, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघ, आकडे पक्के कर. मग मीटर लागतोच कशाला? फोकससाठी व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका बघ, तो जुन्या लेन्सलाही साथ देतो. उन्हा-सावलीत, ढग येत-जात असताना मात्र ती लेन्स डी ७२०० वरच सुखाची, हे मांडवातल्यांचं म्हणणं मला मान्य आहे. १०५ वर पळते डाव धरायला जाऊ नकोस. पैलवानांचे चेहरे काढ, हलगीवाल्याचे हात काढ, वस्ताद काठावर बसून बघत असतात तेव्हा त्यांचे डोळे काढ. एफ २.८ किंवा ४ वर ती काच असा चेहरा देते की चुलते खूश होतील. धाग्यांचं म्हणशील तर दुरुस्तीवाल्याला लवकर दाखव. काचेवरचा लेप खायच्या आत साफ झाले तर डाग राहत नाही.

कार्डासाठी मी एकच नेम पाळतो. एक नंबरची कुस्ती शेवटी लागते. तिचा पुकारा झाला की कार्ड बदलायचं, आधीचं कितीही रिकामं असो. दिवसभराचं खिशात सुखरूप राहतं आणि मोठ्या कुस्तीला ताजं कार्ड मिळतं. मैदानात कार्डावरचे फोटो पुसत बसायचं नाही, घरी दोन ठिकाणी उतरवल्यावर कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारायचं.

आता तो वापरलेला डी ७५०० घ्यायला जाशील तेव्हा ८०-२०० बरोबर ने. लावून जवळून लांब, लांबून जवळ फोकस करून बघ. बॉडीतला स्क्रू फिरताना घरघर आवाज येणारच, तो घाबरण्यासारखा नाही, पण मध्येच अडकायला नको. जुनी लेन्स नव्या बॉडीवर बऱ्याचदा थोडी पुढं किंवा मागं फोकस करते. दोन्ही बॉड्यांत ते जुळवता येतं, डी ७५०० मध्ये लाइव्ह व्ह्यूच्या मदतीनं कॅमेरा स्वतःच जुळवून घेतो. ट्रायपॉडवर लावून एफ २.८ वर एकदा कर आणि विसरून जा.

तिथं काढलेला एक फोटो घरी आणून शटर किती वेळा पडलंय ते बघ. फोटोच्या माहितीत तो आकडा असतो. कंपनीनं शटरची चाचणी दीड लाखाची केलेली आहे, त्या हिशेबानं भाव कर. एफ १६ वर आभाळाचा एक फोटो काढून सेन्सरवरच्या धुळीचे काळे ठिपके बघ. मेन्यूत बॅटरीचं वय ० ते ४ मध्ये दाखवतात, ४ असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करायला सांग. स्क्रीन वर-खाली वळवताना चित्र थरथरतंय का ते बघ, आणि अंगठ्याखालचं रबर सुटलंय का तेही.

एकट्यानं जायचं नसेल तर रविवारी सकाळी खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभापाशी ये, मी बरोबर येतो. माझी जुनी ५० एमएम डी पडून आहे, ती घेऊन येतो. पटली तर घे, पैसे सावकाश दे. फक्त विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांग, फोकसची मोटर अर्ध्या बॅटरीवर तपासण्यात अर्थ नाही.